मार्चअखेर

तक्ता आला आहे. आडवा, सोळा रकान्यांचा.
वर्गात दर्शनी भागी लावावा, असं पत्रात म्हटलंय,
पण दर्शनी भिंतीला ओल आहे,
म्हणून कपाटाच्या दारावर चिकटवला,
तांदळाच्या गोण्यांचा हिशेब होता तिथं.

डावीकडे नावं. उजव्या टोकाला मार्चअखेर.
मधल्या चौकटींत मी पेन्सिलीनं लिहीत जाते:
ऑक्टोबर : जोडाक्षर नसलेले शब्द.
डिसेंबर : चार ओळींचा उतारा, अडखळत चालेल.
मार्च : मिनिटाला पंचेचाळीस शब्द, समजून.

घरी मोबाइलवर वेळ लावून पाहिलं,
मी किती बोलते मिनिटाला.
नवऱ्याशी : अकरा.
त्यातले समजून किती, ते नाही मोजलं.

बाविसाव्या ओळीत हुलगेश इटकर.
ईलठण पाडा, दिघा. खाण बंद पडली त्या वर्षीचा जन्म.
बाप सकाळी ऐरोलीच्या नाक्यावर उभा असतो,
काम मिळालं तर उशिरा परततो, नाही तर अकरालाच.
हुलगेशचा स्तर : आरंभिक.

मी कार्ड धरते. काय आहे हे?
बंडा.
पहिलं अक्षर?
ब.
कार्डाच्या मागे छापलंय द, दगडाचा.
मी फुली मारते. हात आधी चालतो, डोकं मागून येतं.
साप.
पामु. प.
पाऊस.
वाना, बाई. व.
सलग सहा फुल्या झाल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली.
पोरगं एकदाही चुकलं नव्हतं.
शब्द नेमका जिथं फुटतो तिथं घाव घालत होतं,
त्याच्या आज्यानं हयातभर दगडाची शीर बघून घातला, तसा.
चुकत होतं ते कार्ड.
पण कार्डाला स्तर नसतो.

खरमाटे सरांचा फोन.
बाई, तुमच्या शाळेमुळे केंद्राची सरासरी खाली येते.
आरंभिकमध्ये चारच्या वर नकोत.
माझ्याकडे सात आहेत, सर.
हो ना, म्हणून तर म्हणतोय.
खिडकीतून पारसिकच्या डोंगराचा कापलेला भाग दिसतो.
तिथं आता हिरवळ धरू लागली आहे, वरवरची.
मी खोडरबर शोधत राहिले. मग शोधायची सोडली.

मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट घेऊन
तो माझ्या खुर्चीपाशी आला.
नीळ्ळू म्हणा.
नीलू.
नाय. नीळ्ळू.
निळू.
तो इतका हसला की नाकातून भाताचं शीत आलं.
पाणी हो बाई, पाणी! एवढं बी येत नाय?
भोवती चौघं-पाचजणं जमली.
कुणी गोरमाटीत पाणी मागितलं, कुणी भोजपुरीत,
मी प्रत्येकाला चुकीचं दिलं.

घंटेनंतर पाहिलं तर तक्त्याच्या खाली,
कपाटाच्या पत्र्यावर, खडूनं,
एक ओळ वाढवलेली.
ब ला काना. ई उलटी.
आणि पुढे दोन फुल्या, अगदी माझ्यासारख्या,
शेवटची रेघ किंचित लांब.

त्याला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.
ऑक्टोबरच्या चौकटीत हे बसेल का?
उलट्या ईचं काय करायचं?
पंचेचाळीसमध्ये तो एक शब्द धरायचा की नाही?
शिपाई सदाफुले कापड घेऊन आला पुसायला.
म्हटलं, राहू द्या. आज तिकडचा फळा पुसा.

आता तेविसावी ओळ.
जैनब. जूनपासून वर्गात एक शब्दही बोललेली नाही.
मधल्या सुट्टीत मात्र तीही आली होती,
गर्दीच्या मागे, ओठ मिटून,
आणि माझ्या निळूला
तिनं मान हलवली होती. नाही, अशी.

तिची चौकट कोरी आहे.
नोव्हेंबर लागला.