अठरा तारखेचं तिकीट

सान्तियागो ते ऑकलंड :
नऊ हजार सहाशे पन्नास किलोमीटर, थोडे इकडेतिकडे.
जाताना तेरा तास, येताना अकरा,
येताना वारा पाठीशी असतो.
हे मी आठवड्यातून चारदा सांगते,
फ्रांकलिन बाजारामागच्या आमच्या गाळ्यात,
हीटरवर संत्र्याच्या साली वाळत ठेवून.

दोन्या एदुविहेसला आकडे पटत नाहीत.
ती पिशवीतून राखाडी लोकर काढते.
काउंटरवरच्या पोचा पडलेल्या पृथ्वीगोलावर
एक टोक आपल्या शहरावर अंगठ्यानं दाबते,
दुसरं टोक तिकडे,
जिथे तिचा नेल्सन किवीच्या वेली छाटतो.
धागा ताणला की घसरतो खाली,
पार बर्फाच्या कडेला.
"एवढी वाट वाकडी करून?"
"हीच जवळची वाट, दोन्या."
ती माझ्याकडे बघते,
तागडीला हात लावणाऱ्या भाजीवाल्याकडे बघावं तशी.

मग मी आवाज खाली आणते.
समुद्रात एक रेघ आहे, म्हणते. दिसत नाही.
जाताना ती ओलांडली की तारीख उडी मारते.
ऑगस्टच्या सतराला रात्री अकराला निघा,
एकोणीसला पहाटे चारला उतराल.
अठरा तारीख तुम्हाला पुरती भेटणारच नाही.

अठराचं आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.
एलेओदोरो सकाळी पाव आणायला गेला,
आणि पाव तेवढे
शेजारच्या पोरानं घरी आणून दिले.
अजून गरम होते.

मला वाटलं, मी तिला काहीतरी दिलं,
मालकाच्या नकळत सवलत द्यावी तसं.

ती लोकर बोटाभोवती गुंडाळत राहिली.
"आणि येताना?"
येताना उलटं, म्हटलं.
संध्याकाळी सहाला निघाल
आणि त्याच दिवशी
दुपारी एकला इथे पोचाल.
"तोच दिवस?"
"तोच."
"पुन्हा दुपारपासून?"
"हो."

बाहेर कुणीतरी जुनं कपाट ओढत नेत होतं,
त्याचा आवाज संपेपर्यंत ती थांबली.

"मग जातानाचं जुलैचं दे, कुठलंही.
येतानाचं अठराचं."
मी स्क्रीनकडे बघत राहिले.
"पहिल्या अठराला मी तिकडे रडून घेईन,
नेल्सनला कधी माझ्यासमोर रडता आलं नाही.
दुसरी माझी एकटीची.
दुपारी घरी येईन, सावकाश.
त्याचा रेडिओ दुरुस्तीला टाकेन.
सहा वर्षं झाली,
त्या एका दिवसात
काही उरकतच नाही."

प्रिंटर नेहमीसारखा अडखळला.
तिनं तिकिटाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली,
धागा पृथ्वीवरून उचलला,
काउंटरवर हातानं मोजला :
एक वीत, दोन बोटं.

"हे एवढंच?" म्हणाली,
"एवढ्यात तर नातीचा
एक मोजासुद्धा व्हायचा नाही."