मंगळवारी बंद

बिबवेवाडीत, रात्री साडेदहाला,
जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सरकवून
मी विदर्भ पसरते.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर शाल्मलीचं भूमितीचं पुस्तक,
ताडोबावर आमटीचा थेंब आधीच पडलेला.

पुण्याहून नागपूर, रात्रीच्या गाडीनं.
तिथून सिल्लारी, दोन मुक्काम.
मग नागझिरा, मग खाली मोहर्ली,
सकाळची एक सफारी, दुपारच्या दोन.
मिलिंदची रजा सहा दिवस,
सातवा मागितला तर साहेबांची भुवई वर.
निषादला वाघ हवा, अस्वल हवं,
आणि पोहायचा तलाव असलेलं हॉटेल हवं.
कुंदामावशी म्हणते, मे महिन्यात चंद्रपूर?
अगं, तिथे सावलीसुद्धा सावली शोधते.
मी सांगते, पाणी आटलं की जनावरं पाणवठ्यावर येतात,
दिसायचे दिवस हेच.
म्हणजे त्यांची तहान ती आपली सुट्टी,
शाल्मली म्हणते,
आणि परत प्रमेयात डोकं घालते.

जिप्सीत माणसं बसतात सहा.
आम्ही सात.
नाव, वय, ओळखपत्राचा नंबर,
सहा ओळी भरल्या की खाली जागाच नाही.
सासूबाई लगेच, मी राहीन खोलीवर, मला कुठे काय.
हे वाक्य त्यांच्या पर्समध्ये कायमचं असतं,
रुमालाशेजारी.

तेवढ्यात अप्पा टीव्ही बंद करतात.
अप्पा म्हणजे माझे सासरे.
पेशवे पार्कच्या तिकीटखिडकीत अठ्ठावीस वर्षं.
अजून नोट हातात आली की उजेडाकडे धरून बघतात.
माझं नाव खोड त्यातून, म्हणतात,
मी बसतो गेटवर,
तिथल्या पोराला विचारीन, सुटे पुरतात का रे.

असं कसं अप्पा, सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय.

माझ्यासाठी?
वाघ मी रोज पाहिलाय.
डबा खायला त्याच्यासमोरच्या बाकावर बसायचो.
आठ पावलं, वळण. आठ पावलं, वळण.
वळणावरची फरशी झिजून गुळगुळीत,
देवळाच्या उंबऱ्यासारखी.
तो कसा दिसतो ते नकोय मला.
न वळता किती लांब जातो, ते बघायचंय.

आणि नाहीच दिसला तर? निषाद विचारतो.

मग नाही दिसला.
आमच्याकडे लोक भांडायचे,
तिकीट काढलंय आणि हा झोपलाय, उठवा त्याला.
मी कधी उठवायला गेलो नाही.
पण गज वाजवणाऱ्यांना अडवलंही नाही.
एवढं बोलून ते चष्मा पुसत राहतात,
काच स्वच्छ झाल्यावरही.

मी वेळापत्रकात तोंड घालते.
मंगळवारी ताडोबा बंद, मोठ्यानं वाचते.
मिलिंद फोनवर बोट फिरवत, मग चंद्रपूरचा किल्ला करू,
दुपारी देऊळ, दिवस कशाला वाया.
बंद म्हणजे? निषाद. वाघ कुठे जातात मग?
कुठे जातील, अप्पा म्हणतात,
त्या दिवशी आपण जात नाही, एवढंच.
आमच्याकडे बुधवार असायचा.
तो फक्त आम्हाला.

दोन जिप्सी घेऊ, मी म्हणते. चार आणि तीन.
मिलिंद आकडा बघतो,
पोहायचा तलाव खोडतो.
निषाद थोडा रडतो,
मग विचारतो, अप्पा कुठल्या गाडीत?
सासूबाई विचारतात, धरायला दांडा असतो ना गं.
म्हणजे त्या येतायत.

मंगळवारच्या रकान्यात पेन टेकवून
मी बसून राहते.
लिहू का काही?
राहू दे, अप्पा म्हणतात,
आणि जाता जाता बरणी उचलून
फडताळात ठेवतात.
नकाशाचा मोकळा झालेला कोपरा
हळूच गुंडाळत येतो
नागझिऱ्यापर्यंत.