एका पानाचं कुलूप

आमच्या गावात किल्ल्या दाराला बाहेरूनच लटकलेल्या असतात.
कुणीही यावं, किल्ली फिरवावी,
ओट्यावर कोबीचा गड्डा ठेवून निघून जावं.
पिको बेटावर चोर आलाच
तर त्याला परतायला संध्याकाळची बोट गाठावी लागेल,
आणि धक्क्यावर तिकिटं माझी मावशी फाडते.

म्हणून म्हातारा देओदातो कचेरीत आला, म्हणाला,
"झुल्मिरा, गावाची वेबसाइट तू बघतेस ना?
तिच्यात मला एक पान दे. कुलूपवालं,"
तेव्हा मी कॉफीचा कप खाली ठेवला.

बोटींच्या वेळा, द्राक्षतोडणीच्या तारखा,
पवित्र आत्म्याच्या सणाला यंदा सूप कुणाकडे,
वादळानं पाडलेल्या काळ्या दगडांच्या भिंती कुणाच्या,
सगळी पानं सताड उघडी.
घर उघडं ठेवून एकच फडताळ बंद करता येतं
हे त्याला टोरांटोतल्या नातवानं सांगितलं होतं.

मी एका चौकोनात खूण केली आणि पाठ फिरवली.
होडीच्या फटीत काथ्या ठोकावा
तसं त्यानं एका बोटानं एकेक अक्षर ठोकलं.
पडद्यावर नुसते ठिपके.
"विसरलात तर?"
"आठवण लिहून ठेव. माझ्या होडीचा रंग."

चार वर्षं, दर शनिवारी.
तो ठोकायचा, मी खिडकीशी उभी राहून
समुद्र बघायची, जो मी रोजच बघते.

फेब्रुवारीत तो गेला.
मग अख्खं गाव त्या पानावर लोटलं.
झाकली मूठ! कुणी म्हणे अमेरिकेतल्या बँकेचा आकडा,
कुणी म्हणे, दुसरी बाई.
होडीचा रंग? निळा, यात कसला प्रश्न!
पासवर्ड चुकीचा.
मग हिरवा, कारण ट्यूना आला नाही त्या वर्षी हिरवी होती.
मग पांढरा. मग लुर्देसनं खालच्या पट्ट्याचा लाल घातला.
पाद्रीबाबांनी शांतपणे एका संताचं नाव घालून पाहिलं.
चुकीचा.

माझ्यापाशी एक बटण आहे.
एका टिचकीत कुलूप निघतं, बिजागरीसकट.
मी तोंडात मिठाची गुळणी धरून होते.

मे महिन्यात होड्यांच्या नोंदणीचे जुने अर्ज चाळताना
त्याचं अक्षर सापडलं.
रंग: अझुल. म्हणजे निळाच.
फक्त झेडच्या जागी एस.
शाळेत तो तिसरीपर्यंत गेला, तेही समुद्र खवळलेला असेल तेव्हा.
म्हणजे गावानं उत्तर बरोबर दिलं होतं,
बरोबर दिलं म्हणूनच चुकलं होतं.

दार लावलं. ती चूक मी जशीच्या तशी ठोकली.

*एवारिस्तो, चुन्याची दोन पोती. मागू नये.*
*लुर्देस, इंजिनाची दुरुस्ती. मुलगा आजारी. मागू नये.*
*देऊळ, घंटेचा दोर. पाद्री विसरलाय. बरं झालं.*
अशा एकोणचाळीस ओळी, सगळ्या एसच्या चुकांनी भरलेल्या.
अकरावी:
*हिल्देबर्तो, धाकटी होडी, वापरायला. विकली त्यानं.*
*झुल्मिराला पोन्ता देल्गादाला शिकायला पाठवायचं होतं. मागू नये.*

हिल्देबर्तो माझा बाप.
पोन्ता देल्गादाला मी जे शिकले
त्यातच हेही होतं, एका पानाला कुलूप कसं लावतात.

शेवटी एक ओळ मी वाढवली:
*झुल्मिरा, एक होडी. देणं आहे.*
पासवर्ड बदलला नाही. शुद्ध केला असता
तर पहिल्या शनिवारी अख्खं गाव आत आलं असतं.

काल पाद्रीबाबा कचेरीत वाकून म्हणाले,
"तुला तरी उघडता येत असेल ना गं?"
नाही, म्हटलं. आणि वाऱ्यामुळे उद्याची बोट रद्द आहे,
ते पान उघडंच आहे, ते वाचा.