शनिवारची फेरी

बारा जण मागे, मी पुढे.
व्हॅनच्या आरशात त्यांचे चेहरे सकाळी दहाला
इस्त्रीचे असतात,
चारला चुरगळलेले.
मी पीत नाही.
सेनेका सरोवराच्या पूर्व काठाचं
एकेक वळण प्यायलोय म्हणा हवं तर,
बावीस वर्षं.

तिसरा थांबा लॉर्ना व्हॅन एटनचा.
पूर्वी गोठा होता. तुळईवर अजून
दोन गाईंची नावं, खडूने.
ती पाच ग्लास मांडते, दोन-दोन बोटं ओतते
आणि सांगू लागते:
हिरवं सफरचंद, लिंबाची साल,
ओली पाटी, आणि अगदी शेवटी
किंचित रॉकेल. घाबरू नका,
रिस्लिंगला ते शोभतं.

माणसं ग्लासात नाक खुपसतात
विहिरीत डोकावल्यासारखी
आणि एकेक करून "हो, हो" म्हणत वर येतात.
कुणी घोट जिभेवर घोळवून बादलीत थुंकतं,
चोरी केल्यासारखं.
कुणी बादलीकडे बघतसुद्धा नाही.
रॉचेस्टरची एक होणारी नवरी विचारते,
यात गोड काही नाही का?
लॉर्ना हसते. नाक मुरडत नाही.

मुरडून उपयोगही नाही.
दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या तापात
तिचा वास गेला, तो परतला नाही.
हे ठाऊक तिला, तिच्या दिराला, आणि मला;
मला का सांगितलं, ते मी विचारलं नाही.
कदाचित न पिणाऱ्याला सांगणं सोपं असेल.

मग ती बोलते ते कुठून?
जुन्या वह्यांतून थोडं,
बाकी हवामानातून.
ही बाटली म्हणजे तो मे महिना:
सरोवर खोल, सहसा गोठत नाही,
रात्रभर उतारावर ऊब सोडत राहतं,
पण त्या रात्री वारा पलीकडच्या काठाचा झाला.
गवताचे भारे पेटवले.
मेनोनाइट हूव्हर आपली बग्गी घेऊन आला,
दोन मुलगे, चार कंदील,
पहाटेपर्यंत एक शब्द नाही.
उजाडलं तेव्हा निम्मे कोंब काळे.
उरले त्यांची ही.
"म्हणून जरा हट्टी आहे," लॉर्ना सांगते,
आणि लोक वहीत लिहून घेतात: हट्टी.

नोव्हेंबरमध्ये गिऱ्हाईक आटलं.
वेलींच्या पायांवर माती ओढून झाली होती,
थंडी लागू नये म्हणून.
मी उरलेले खोके पोचवायला गेलो
तर ती मला टाक्यांकडे घेऊन गेली,
नळाखाली ग्लास धरला.
"एल्डन, तू सांग."
मी पीत नाही, म्हणालो.
"पिऊ नकोस. हुंग."

बावीस वर्षं ऐकलेले शब्द
माझ्याकडे पोत्यांनी होते.
नासपती, मध, पीच, चकमकीचा दगड.
एकही हाताला लागला नाही.
"हिवाळाभर उपडी ठेवलेली बापाची होडी,"
मी म्हणालो, "एप्रिलमध्ये उलटताना
खालून येतं ना, तसं.
पांढरं पडलेलं गवत. जुना रंग."
ती हललीही नाही.
"आणखी?"
"आणखी काही नाही." मग परत हुंगलं.
"एक खिळा."

टाकीवर तिने खडूने काहीतरी लिहिलं.
कुठे अडकलं होतं कुणास ठाऊक,
माझं पेपरांचं बंडल मी दोनदा शोधलं
आणि ते माझ्याच काखेत होतं.

परवा, जूनचा पहिला शनिवार.
बारा जण. नवी बाटली.
सफरचंद, म्हणाली ती, लिंबाची साल,
आणि एप्रिलमधली उपडी होडी.
दाराशी उभा मी किल्ल्यांशी खेळत होतो.
बारा नाकं आत गेली.
बराच वेळ कुणी वर येईना.
मग बफेलोचे एक आजोबा म्हणाले,
"मला तर खरबूज येतंय."
"तेही असेल," लॉर्ना म्हणाली
आणि त्यांना आणखी अर्धं बोट ओतलं.

मी किल्ल्या वाजवल्या.
अजून दोन थांबे होते.