रकाना सात

परवा इबादुल्लाभाई पुन्हा आले,
मोमीनपुऱ्याहून सायकल ढकलत. मागच्या चाकात हवा नव्हती.
मी अकरा महिन्यांची कंत्राटी बाई,
वक्फाच्या मिळकती पोर्टलवर चढवते:
मशिदी, कबरस्तानं, एक पडकी सराई.
मुदत शुक्रवारची.

मेणकापडाच्या गुंडाळीत मोडीतला कागद.
वाचायला महालातून धाबेगुरुजी बोलवावे लागले.
"बिबन, सूत कातणार,
मशिदीच्या दिव्याच्या तेलाकरिता दीड बिघा जमीन दिली असे.
पूर्वेस नाला, उत्तरेस चिंच,
पश्चिमेस धोंडू कोष्टी याचा माग."
गुरुजी चष्मा पुसत बसले.
मी पराते. आमच्यात एक धोंडू होता.
एक कशाला, घरोघर होते.

कागदावर भोसल्यांच्या वेळचा शिक्का,
पाठीवर गोऱ्या साहेबाची निळी सही,
मग सी.पी. अँड बेरार, मग तलाठ्याची तांबडी रेघ.
आता मी बारकोड डकवणार.
चिंच अजून आहे. खाली पंक्चरवाला बसतो.

रकाना सात: मालकाचे नाव.
शेजारी लाल तारा. भरल्याशिवाय पान सरकत नाही.

"तुमचं टाकू?"
"माह्यं कसं जी? मी तं झाडतो तिथं."
"बोर्डाचं?"
"बोर्ड तं आता आलं."
"मग कोणाचं?"
त्यांनी बोट वर केलं.
वर पंखा, पंख्याशेजारी गळक्या छताचा डाग,
त्याच्याही वर, दुसऱ्या मजल्यावर, साहेब.

साहेब म्हणाले, असं नाव सिस्टीम घेत नाही, आधार लागतो.
कमिटीत कोण बसणार, दिव्याचा हिशेब कोण तपासणार,
ते वरून येईल.
भोंग्याचं माप मागच्या वर्षीच आलं होतं वरून.

मी रकाना मोकळा ठेवून पाहिला. नाही.
आडवी रेघ मारली. नाही.
मग एक टिंब दिलं.
पान सरकलं.

इबादुल्लाभाई पडद्याशी वाकले.
"नुक्ता?"
आमच्या लिपीत, म्हणाले, वरचा नुक्ता खाली घसरला
की खुदाचा जुदा होते.
"वर ठेवला का खाली, बाई?"

संगणकाचं टिंब खालीच बसतं,
ओळीच्या पायाशी.

प्रिंट निघाली. अजून गरम होती.
मी ती त्यांच्या हातात उलटी दिली.
त्यांनी सरळ केली नाही,
तशीच गुंडाळली, बिबनच्या कागदाभोवती,
आणि हवा भरायला पंप कुठं मिळेल, विचारलं.