मूळ अज्ञात

अकरावी क, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
फळ्यावर मी लिहिलं : प्लॉट.
विचारलं, म्हणजे काय?

पहिल्या बाकावरून गाइडमधलं उत्तर : कथानक.
शेवटच्या बाकावरून निकेश मढवी,
हात वर न करताच :
"कुठला, मॅडम? साडेबारा टक्क्यांचा?"

वर्ग हसला. मीही हसले,
आणि हसता हसता आठवलं
माझ्या भाडेकरारावर हाच शब्द आहे :
प्लॉट नंबर एकशे चौदा, घणसोली,
तिसरा मजला, गॅलरीतून खाडीची एक चीर दिसते
दोन टॉवरांच्या फटीतून, तीही वाळत घातलेले कपडे काढले तर.

मग मी नीट शिकवत राहिले.
प्लॉट म्हणजे गोष्टीचा सांगाडा.
प्लॉट म्हणजे कट, राजाविरुद्ध रचलेला,
दुसऱ्या अंकात फुटणारा.
प्लॉट म्हणजे आलेखावर बिंदू मांडणं,
ते गणिताच्या सरांना विचारा.
आणि हो निकेश, प्लॉट म्हणजे जमिनीचा तुकडा.

"तुकडाच ना," तो म्हणाला,
"मग बाकीची कुठे गेली?"

रात्री शब्दकोश काढला,
वडिलांचा, साताऱ्याहून येताना साड्यांत गुंडाळून आणलेला.
जुन्या इंग्रजीत प्लॉट म्हणजे नुसती जमीन,
वाफ्याएवढी असेल, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पाचेकशे वर्षांनी कट आला,
एका फ्रेंच शब्दाचं शेपूट धरून,
आणि तिथेच राहिला,
एका बांधावरच्या भावकीसारखा,
कुणाचं पाणी कुणात मुरलं
ते आता कोर्टालाही सांगता येणार नाही.
गोष्ट सगळ्यांत शेवटी आली.
जमिनीपुढे लिहिलंय : मूळ अज्ञात.
फ्रेंच शब्दापुढेही तेच.

सरकारी कागदावर म्हणतात भूखंड.
केवढा शब्द!
आशिया, आफ्रिका, आणि शंभर चौरस मीटर.
पण खंड म्हणजे कुळानं खोताला घातलेलं भातही.
आणि खंड पडणं म्हणजे
चालू असलेलं काहीतरी
मध्येच

निकेशनं दुसऱ्या दिवशी वहीचं मागचं पान पुढे केलं.
गणिताची वही, निळ्या चौकटींची.
"ही उघाडी. भरतीचं पाणी इथं अडायचं.
ही आमची खारी, राता भात व्हायचा,
लाल, तुम्ही नसेल खाल्ला.
हे हाशा तांडेलाचं मीठ."
मग पेन्सिल जरा थांबली, एक ठिपका दिला :
"आणि हे तुमचं किचन."

त्याचा आजा सांगतो म्हणे,
मोजणीवाले साखळी घेऊन आले तेव्हा
त्यांच्यातला साहेब सारखा एकच बोलायचा,
प्लॉट, प्लॉट.
आज्याला वाटलं, हा चिखलाची नक्कल करतोय.
खाजणातून पाय उपसला की
अगदी तसाच आवाज येतो.
"आमी जाम हसलो," आजा सांगतो,
"मंग त्याला पानी दिला प्यायला."

मी शब्दकोश मिटला नव्हता.
उताणाच पडला होता टेबलावर, आठवडाभर,
त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळही उमटलं.

आमच्या पार्किंगमध्ये, खांबांच्या बुडाशी,
पांढरं काहीतरी फुलून येतं.
सेक्रेटरी कानडे त्याला लीकेज म्हणतात,
दर दिवाळीला खरवडून रंग देतात,
होळीपर्यंत ते पुन्हा गुडघ्याएवढं चढतं.
काल भाजीची पिशवी खाली ठेवली,
वॉचमनची पाठ फिरल्याचं पाहिलं
आणि बोट लावून जिभेवर ठेवलं.

वर आले. हातही न धुता
पेन्सिलीनं, समासात,
त्या दोन शब्दांशेजारी लिहिलं :
खारट.