चाळीस फूट आधी

चौऱ्याहत्तरची येझदी थांबायची,
पण तिला आधी कळवावं लागायचं,
लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं, स्वतः जाऊन.
शिवडी नाक्याचा लाल दिवा दिसायच्या आत
कॉटन ग्रीनपासूनच माझी बोटं आवळायला लागायची.
ड्रमच्या आत दोन शू, त्यांवरचं लायनिंग
भाकरीसारखं एका कडेला करपलेलं.
केबल ताणायची, कॅम कुरकुरायचा,
आणि मग कुठे चाकाला आठवायचं
की मघाशी कुणीतरी थांब म्हटलं होतं.

गोदीत मी क्रेनवर होतो. तिथेही हेच.
वजनाचा झोका थांबवायचा
तर तो सुरू व्हायच्या आधी.
जन्मभर नजर चाळीस फूट पुढे,
जेवतानासुद्धा, हेमलता म्हणते.

दारूखान्याच्या वळणावर हातगाडी आडवी आली.
सळया मागे लोंबणाऱ्या, टोकाला लाल चिंधी.
ती चिंधी माझ्या चष्म्याला लागली आणि गाडी थांबली.
मागे बसलेली हेमलता घरी येईपर्यंत गप्प.
भात वाढताना म्हणाली,
ब्रेक बदला, नाहीतर मला मागे बसवू नका.

कुर्ल्याला कमरुद्दीनने ढिगातून
पल्सरची डिस्क ओढून काढली, कॅलिपरसकट.
ॲक्सिडेंटची का, विचारलं.
म्हणाला, ब्रेक अच्छा था, मालिक जल्दी में था.

रे रोडला विन्सेंट तुस्कानोचं लेथ.
दोन आठवडे हब त्याच्याकडे पडून.
कॅलिपर धरायला फोर्कला एक पोलादी कान लावायचा होता.
व्हर्नियरने मोजून झाल्यावर
तो पुन्हा अंगठ्याने मोजायचा,
आणि अंगठ्याचं ऐकायचा.
म्हणाला, म्हाताऱ्याला कवळी बसवताना
तोंड बघायचं असतं, कवळी नाही.

जुन्या गाड्यांच्या मंडळातले दिवेकर आले,
कंबरेवर हात ठेवून चाकाभोवती फिरले.
ओरिजनल राहिली नाही, पाच गुण गेले.
मी विचारलं, दिवेकर, मोतीबिंदू काढल्यावर
डोळ्यात भिंग कुठल्या सालचं बसवलंत?
त्यांनी रुमाल काढला आणि
नसलेला चष्मा पुसायला लागले.

रविवारी क्वार्टरच्या मागे नळीतली हवा काढली.
मी चाकाशी उकिडवा, हातात आठ नंबरचा पाना,
हेमलता प्लॅस्टिकच्या स्टुलावर, लिव्हर तिच्या हातात.
दाब. दाब. दाब. आता धर.
मी निपल उघडायचो,
पारदर्शक नळीतून लोणच्याच्या बरणीत
तेल आणि बुडबुडे, बुडबुडे आणि तेल.
किती राहिलं? तिने विचारलं.
हवा संपेपर्यंत.
एकदा मी निपल बंद करायच्या आत तिने सोडलं.
हवा परत आत. सगळं पहिल्यापासून.
मी चिडलो नाही.
या घरात लवकर सोडायची सवय
बहुतेक वेळा माझीच होती.
दहाव्या खेपेनंतर हुकूम तीच द्यायला लागली:
धरलंय. उघडा. झालं? मिटा.
तेलाचा एक थेंब मडगार्डवर पडला,
मरून रंग फोडासारखा फुगून आला.
तो तसाच ठेवलाय.

संध्याकाळी दोघं निघालो.
लिव्हर आता दगडासारखा घट्ट, एक बोट पुरतं.
नाक्यावर लाल दिवा लागला, मी ते एक बोट टेकवलं,
येझदीने नाक खाली घातलं
आणि जागच्या जागी उभी.
मागचा रिक्षावाला हॉर्न बडवायला लागला.
हेमलता माझ्या पाठीवर कपाळ टेकून हसत होती:
अहो, सिग्नल अजून तिकडे आहे.

खरंच. आमच्या आणि पांढऱ्या पट्ट्याच्या मध्ये
चाळीस फूट रस्ता रिकामा पडलेला.
त्यातून एक बर्फवाला,
गोणपाटाखालची लादी गळत गळत,
सावकाश पलीकडे गेला.